न पाहिलेल्या कारागिराचं चित्र

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका डोंगराळ मुलखात एक लहान मुलगा आईच्या कडेवर बसून दरीवरचा झुलता पूल ओलांडत होता. वारा सुटला आणि पूल गुणगुणू लागला. हूंऽऽ... हूंऽऽ... जात्यावर बसलेली बाई ओवीच्या आधी गळ्यातल्या गळ्यात सूर धरते ना, तसा.

मुलगा मोठा झाला, गावाचा कथेकरी झाला, त्याचे केस पिकले. तो आवाज मात्र कानातून गेला नाही. पूल बांधणारा कारागीर त्याने कधी पाहिला नव्हता. पूल बांधून तो केव्हाच परमुलखात निघून गेला होता. म्हणून कथेकऱ्याने डोळे मिटले, आवाज आठवला आणि मनानेच त्या माणसाचं चित्र लिहिलं.

‘त्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचत. तो वाऱ्याशी बोले. दोर वळताना त्याने आपला श्वास त्यात वळला, म्हणून पूल गातो. त्याच्या हातून कधी चूक झाली नाही.’

गावाला ते फार आवडलं. यंदाच्या जत्रेत साऱ्या गावाने एकदम पुलावर उभं राहून ते ऐकायचं ठरलं.

जत्रेच्या सकाळी एक बुटका म्हातारा लंगडत आला आणि पुलाच्या तोंडाशी आडवा उभा राहिला.

“कुणी पुढं जाऊ नका. हा पूल मी बांधलाय. माझी चूक झालीय.”

लोक हसले. “आजोबा, हात दाखवा बघू! पोचतात का गुडघ्याला?”

“कमरेला पोचतात, तेच पुष्कळ,” म्हातारा म्हणाला. मग तो कथेकऱ्याकडे वळला. “दोर कातळाच्या भोकातून ओवलाय. भोकाची कड घासून गुळगुळीत करायची राहिली. वारा आला की दोर कडेवर घासतो, तोच हा आवाज. मलाही गोड वाटायचा. पण पलीकडच्या खोऱ्यातला माझा असाच पूल गेल्या महिन्यात तुटला. सात माणसं गेली. तेव्हा कळलं.”

आपल्या देवघरात कुणी चपला घालून शिरावं, तसं कथेकऱ्याला झालं. “बाबा, त्या माणसाला मी तुमच्यापेक्षा चांगला ओळखतो. तो चुकत नसे.”

“भेटलात कधी त्याला?”

“भेटायला कशाला हवं? चला मंडळी!”

कथेकऱ्याने पहिल्या फळीवर टाकायला पाय उचलला. मागे लेकुरवाळ्या बाया, त्यांच्या मागे सारा गाव.

म्हाताऱ्याने कमरेचा कोयता काढला आणि भोकाच्या तोंडाशी दोरावर घाव घातला. एकच घाव.

मनगटाएवढा जाड दोर. धड असता तर वीस घाव लागले असते. तो एका घावात तुटला. पूल कलंडला, फळ्या निखळून दरीत गेल्या. खाली आपटल्याचा आवाज वर यायला किती वेळ लागला, ते सगळ्यांनी ऐकलं.

मग लोक म्हाताऱ्यावर तुटून पडले. कुणी थोबाडीत मारली, कुणी पागोटं उडवलं. इतक्यात एका बाईने दोराचं तुटकं टोक उचललं आणि मुठीत चोळलं. आतून भुसा गळला.

उगारलेले हात तसेच राहिले. त्या बाईने आपलं पोर इतकं घट्ट आवळलं की ते रडू लागलं.

कथेकरी म्हाताऱ्यापुढे खाली बसला. “माझं चुकलं, बाबा. तुम्ही जसे आहात तसेच लिहितो. जरा बसा, सांगा.”

म्हातारा उठला. फुटलेला ओठ त्याने बाहीने पुसला, कोयता कमरेला अडकवला, कथेकऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि डोंगराच्या वाटेने निघून गेला.

मुलांनो आणि थोरांनो, ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याला बिनचूक ठरवू नये. नाहीतर तो स्वतःची चूक सांगायला दारी आला, तरी आपण त्याला ओळखत नाही.