उपाशी हलवाई

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलं नाही.

त्या राज्यात एक शस्त्रवैद्य होता. हात मोठा हलका आणि माणूसही गोड. रोग्याची थट्टा केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. फक्त स्वतःच्या नजरेवर त्याचा जरा जास्तच विश्वास होता.

त्याची एक पद्धत होती. पोटावर शस्त्र चालवलं, की तो रोग्याला उपास सांगे, आणि उपासाचे दिवस ठरवी पोटाचा घेर पाहून. हडकुळ्याला तीन दिवस, मध्यमाला सहा, ढेरपोट्याला नऊ. तेवढे दिवस नुसतं कोमट पाणी.

त्याच्या रुग्णशाळेत पेज शिजवणारी एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत.

एके सकाळी चौघांनी बाजारातल्या हलवायाला खाटेवर घालून आणलं. पोटदुखीने तो तळमळत होता. वैद्याने पोट चाचपलं.

"आतड्याला पीळ पडलाय. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल."

पाणी घेऊन आलेल्या मावशीने हलवायाचा दंड धरला, आणि तिचा चेहरा उतरला.

"वैद्यबुवा, ह्याच्या दंडावर मांसच नाही हो. बोटातली अंगठी बघा, दोरा गुंडाळून बसवलीय. हा माणूस उपाशी आहे."

वैद्य हसला. "मावशी, हलवाई आणि उपाशी? अहो, ही ढेरी पेढ्यांवर वाढलीय!"

हलवाईसुद्धा कण्हता कण्हता हसला. खरं सांगायची त्याला लाज वाटली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. वैद्याने नऊ दिवसांचा उपास सांगितला आणि निश्चिंत झाला.

पाचव्या दिवशी टाके उसवले. वैद्याने पुन्हा घातले. दुसऱ्या दिवशी तेही सुटले. हलवायाच्या पायांवर सूज चढली, त्याला मान उचलवेना. हा माणूस आपल्या हातून जाणार, हे वैद्याला कळून चुकलं. तो खाटेपाशी मटकन खाली बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

मावशी हलवायाच्या बायकोजवळ गेली. "खरं सांग पोरी, हा घरी काय जेवायचा?"

बायको रडू लागली. "दोन महिने झाले, जेवले की पोटात कळ यायची ह्यांच्या. म्हणून जेवणच सोडलं. वाटीभर ताक घ्यायचे, बस्स. कुणाला सांगू नकोस म्हणाले. हलवायालाच खाल्लेलं पचत नाही म्हटल्यावर दुकानाची पायरी कोण चढेल?"

वैद्याने कपाळावर हात मारला. "आधीच दोन महिन्यांचा उपाशी, आणि वर मी उपास लादला! शस्त्र टाळता आलं नसतं मावशी, पण त्याच्या तोंडचा घास तरी मी काढला नसता."

"ते राहू द्या आता. पेज घालू का, तेवढं सांगा."

"घाला, पण चमचा चमचा. इतक्या दिवसांच्या उपाशी शरीराला एकदम भरवलं, तर तेही सोसत नाही."

मग रोज दोन चमचे, चार चमचे, मग वाटी. पुढे मुगाचं कढण, दूध, मऊ भात. भरवायला वैद्य स्वतः बसे. चव घेऊन हलवाई तोंड वाकडं करी, "अळणी आहे हो!" आणि वैद्याला ते ऐकून असा आनंद होई, की काय सांगावं! जखम हळूहळू भरत आली. तिसऱ्या महिन्यात हलवाई आपल्या पायांनी घरी गेला.

त्यानंतर वैद्याने घेर पाहून उपास सांगणं कायमचं सोडलं. कितीही घाईचा रोगी येवो, शस्त्र तापेपर्यंत मावशी त्याचा दंड चाचपून पाहायची आणि घरच्यांना जेवणाखाण्याचं विचारायची. त्या एका वर्षात सहा धष्टपुष्ट माणसं उपाशी निघाली. त्यांतला एक खुद्द राजाचा सेनापती होता. मुलगा गेल्यापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: जखम वैद्य शिवतो, पण भरून काढतं ते शरीर, म्हणून नुसती अंगलट पाहून समाधान मानू नये, माणूस पोटभर जेवतो का, हे आधी विचारावं.