टँकरनंतरचा नंबर

"हा संग्राम तुझा कोण गं?"

दस्तगीर वस्तादांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

"धाकटा भाऊ," ऋजुता म्हणाली. "पण त्याचा इथं काही संबंध नाही, वस्ताद. म्हणजे... आहे तो उलटाच आहे."

वस्तादांनी पुढचा कागद घेतला.

कागद नऊ होते. मोटारसायकल क्लबाच्या रविवारच्या शर्यतीचं वेळापत्रक तिनं नऊ वेळा केलं होतं. क्लबात सगळ्यात शिकलेली तीच, म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं. संख्याशास्त्रात एम.एस्सी., आणि त्या शिक्षणाचा हल्ली उपयोग इतकाच, की लेकीच्या डब्यातल्या मनुकासुद्धा ती दोनदा मोजायची.

मातीचा ट्रॅक, सव्वीस गडी. एकेकानं एकट्यानं धावायचं, घड्याळाशी. सकाळी तेरा जण, मग जेवण, मग उरलेले तेरा. पहिले तिघं राज्याच्या स्पर्धेला जाणार. गेल्या साली कुणी कधी धावायचं या नंबरांवरून इतकी जुंपली, की क्लब मोडायचाच बाकी होता. म्हणून या खेपेला ठरलं होतं, वस्तादांनी मान डोलावल्याशिवाय कागद भिंतीला लावायचा नाही. तीस वर्षं सुरुवातीचा झेंडा त्यांच्या हातात होता. आता ते गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसत, आणि फार थोडं बोलत.

"नऊ कागदांत पंचवीस नावं फिरल्यात," वस्ताद म्हणाले. "एकच जागचं हललं न्हाई."

ऋजुता सावरून बसली. नेमकं हेच त्यांच्या नजरेला यावं, अशी तिची फार इच्छा होती.

"मुद्दाम, वस्ताद. चौदावा नंबर कुणालाच नको असतो. जेवणं झाली की टँकर पाणी मारून जातो, आणि पहिला जाणारा त्या राडीतनं जातो. गेल्या साली तिथंच एकाचा खांदा निखळला. म्हणून तो नंबर मी माझ्या भावाला दिला. कुणी बोट दाखवायला नको." ती थोडी थांबली. "न्याय घरापासून सुरू झाला पाहिजे."

हे वाक्य तिनं रिक्षात दोनदा घोकलं होतं. तिथं ते जास्त बरं वाटलं होतं.

"त्याला इचारलंस?"

"तो काही बोलत नाही हो."

"हां..." वस्ताद म्हणाले. "म्हंजे न बोलणारा गावला."

पलीकडच्या भिंतीशी तिची दोन वर्षांची मुक्ता एका जुन्या टायरमध्ये बसून स्वतःशीच गात होती. मध्ये गॅरेजची शहाबादी फरशी, तेल पिऊन पिऊन गुळगुळीत झालेली.

वस्ताद उठले. माठाजवळचा तांब्या भरून त्यांनी घेतला, आणि सावकाश, आडवं, अर्ध्या फरशीवर पाणी ओतलं.

मग स्टुलावर बसून दोन्ही हात पुढं केले.

"ये गं बाय. माझ्याकडं ये."

मुक्ता टायरमधनं बाहेर यायला लागली.

"थांब! जागची हलू नकोस!"

ऋजुतानं हाताला लागलं ते फडकं ओढलं आणि गुडघे टेकले. पुसलं, पिळलं, पुन्हा पुसलं. फडकं इंजिनाचं होतं, तेव्हा पदराचा शेवटही उपयोगी आला. शेवटी तळवा फिरवून बघितला.

वस्ताद बघत राहिले.

"लईच गडबड केलीस."

"पडली असती ना ती!"

"मग दुसऱ्या कुणाची तरी पोरगी धाडायची हुती."

"दुसऱ्या कुणाची...? काहीतरीच काय, वस्ताद! फरशीच पुसायची ना आधी!"

बोलून झालं, आणि ती तशीच राहिली. गुडघ्यावर, हातात काळं फडकं.

...

"वस्ताद," फडकं बाजूला ठेवत ती म्हणाली, "टँकर जेवणानंतरच का फिरतो?"

"टँकरवाला पांडबा सगळ्यांच्या पंगतीला बसतोय. जेवल्याबिगर तो चावी फिरवत न्हाई."

"आणि त्याला आधी वाढलं तर?"

वस्तादांनी मिशीवरनं बोट फिरवलं.

तिनं पहिला कागद उलटा केला आणि लिहिलं: साडेअकरा, पांडबांचं ताट. बारा, पाणी. साडेबारा, सगळ्यांचं जेवण. तेवढ्यात माती पाणी पिऊन घेईल. इतकं सोपं होतं, की आपण नऊ रात्री काय करत होतो याची तिला लाज वाटली, आणि मग हसूही आलं.

"नावं?" वस्तादांनी विचारलं.

"चिठ्ठ्या," ती म्हणाली.

नवव्या कागदाचे सव्वीस तुकडे झाले. वस्तादांनी आपली टोपी उलटी करून पुढं ठेवली. ती एकेक चिठ्ठी उचलत गेली, नावं लिहीत गेली. बारा. तेरा.

चौदावी उलगडली.

संग्राम.

ती आधी खळखळून हसली. मग चिठ्ठी पुन्हा वाचली.

"वस्ताद! आता हा सगळ्यात चांगला नंबर झाला हो! धूळ बसलेली, माती दबलेली... लोक काय म्हणतील? बहिणीनं बरोबर..." बोलता बोलता तिनं चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. हात टोपीकडं निघाला. "ही आत टाकते. दुसरी उचलते. कुणाला कळतंय?"

मुक्ता कोरड्या फरशीवरनं दुडूदुडू आली आणि वस्तादांच्या गुडघ्याला बिलगली.

वस्तादांनी एका हातानं तिला सावरलं. दुसऱ्या हातानं तांब्या उचलून ऋजुतापुढं धरला.

"धर," ते म्हणाले. "चिठ्ठी परत टाकतीस, तर पाणीबी वत परत."