बांधापलीकडची उडवी

झोपड्यासुद्धा रुसायच्या-फुगायच्या, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी हौसाक्काची झोपडी होती. दरवर्षी दिवाळीनंतर गवत कापलं, की हौसाक्का त्याची उडवी झोपडीच्या भिंतीला लागूनच रचायची. मग झोपडी आणि उडवी थंडीभर पाठीला पाठ लावून गप्पा मारायच्या.

त्या वर्षी मात्र हौसाक्काने उडवी पार बांधापलीकडे रचली. वर दोघींभोवतीचं वाळलेलं गवत खरवडून जमीन उघडी केली. झोपडी चिडली. "अक्का, तिनं तुझं काय घोडं मारलं होतं गं?"

"काही नाही. वणवा आला तर दोघी वाचाल," हौसाक्का म्हणाली.

झोपडीने हौसाक्काशी बोलणंच टाकलं.

आणि एका दुपारी डोंगरावरून वणवा उतरला. उघड्या जमिनीपाशी येऊन घुटमळला. खायला काहीच मिळेना, तेव्हा तिथेच विझला. वाऱ्याने उडालेल्या ठिणग्या मातीत पडून काळ्या झाल्या.

धूर निवळला. बांधापलीकडून उडवीचा भेदरलेला आवाज आला, "सखे, आता तरी येऊ का जवळ?"

झोपडी म्हणाली, "नको गं बाई, तिथंच बस. जरा मोठ्यानं बोल, म्हणजे झालं."