अर्धा किलो माळ

एका गावात एक भोळा मेंढका होता. गाव कुसळेवाडी. मेंढक्याचं नाव धुळा. भोळा म्हणजे किती भोळा, तर कुणी "जरा थांब" म्हणालं की "आता चल" म्हणेपर्यंत तो जागचा हलत नसे. एकदा एक पाहुणे त्याला फाट्यावर "थांब, आलोच" असं सांगून एसटीत बसले आणि आपल्या गावी गेले. धुळा तिसऱ्या दिवशी सापडला. तोही माणसांना नाही, मेंढरांना.

त्याची बायको गजरा. देवाने दोघांच्या वाटणीची अक्कल तिच्या एकटीकडे दिली होती आणि ती तिला दोघांना पुरवावी लागे. पुरत नसे, ती गोष्ट वेगळी.

कुसळेवाडीचा माळ ही ओढ्याची करणी. पूर आला की ओढा डोंगरातून गोटे आणि गाळ दोन्ही घेऊन निघायचा आणि गावाजवळ दमून दोन्ही टाकून द्यायचा. त्यामुळे माळावर आधी गोटे, मग ओंजळभर माती, मग पुन्हा गोटे. खालच्या गोट्यांच्या पोटाला चुन्याची पांढरी साय. नांगर घातला की फाळ वाकडा. पाऊस त्या बाजूला घाईतल्या पाहुण्यासारखा यायचा, चहासुद्धा न घेता जायचा. पडलेलं पाणी गोट्यांतून झिरपून खाली पसार व्हायचं. पण प्रत्येक गोट्याच्या बुडाशी थोडी ओल राहायची, आणि त्या ओलीवर गवत यायचं. गावची दोनशे चाळीस मेंढरं त्या गवतावर जगायची. त्यातली चाळीस गजराची.

मग वरच्या कुठल्यातरी कचेरीत कुणाला तरी माळ हिरवा करायची हुक्की आली. माळ आधीच हिरवा होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण गवताला ते हिरवळीत धरत नसत. नियम असा निघाला की माळ गोट्यांचा ठरला तर चराईला राहील, आणि मातीचा ठरला तर झाडं लागतील, तारेचं कुंपण पडेल, मेंढरं बाहेर. सगळं मातीच्या तपासणीवर ठरणार होतं. अर्थात माळाच्या कडेला रोपवाटिका तयार होऊन बसली होती. चाळीस हजार रोपं काळ्या पिशव्यांत उभी होती. तपासणी तेवढी राहिली होती.

माती तपासायला एक साहेब आले. गाव त्यांना मातीसाहेब म्हणू लागलं. मातीसाहेबांना माळावर चालवत नसे, बुटात खडे जात. म्हणून त्यांनी माळाची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मागितला. गावाने धुळा दिला.

गजराला घोर लागला. माळ गेला तर चाळीस मेंढरं घेऊन कुठं फिरायचं? तिने नवऱ्याला उंबऱ्यात उभं केलं आणि बजावलं, "आवं, सायेब सांगतील तसंच करा. आपलं डोकं चालवू नगा."

"न्हाई चालवत," धुळा म्हणाला. ते त्याला सोपं होतं.

मातीसाहेब म्हणाले, "माळाची माती घेऊन ये."

धुळाने पोतं भरून आणलं. साहेबांनी पोतं उपडं केलं. तीन हिस्से गोटे, एक हिस्सा माती.

"ही माती आहे की दगडाची खाण?"

"माळ हाय सायेब."

"गोटे नकोत मला. चाळून आण. खाली पडेल ते आपलं, वर राहील ते टाकायचं."

"कुटं टाकू?"

"टाकायचं ते सगळं रोपवाटिकेत नेऊन टाक. तिथल्या वाटेत खडी लागतेच."

धुळाने पटक्याच्या टोकाला एक गाठ मारली. शहाणपण विसरू नये म्हणून तो अशी गाठ मारायचा.

घरी आला तर गजरा पाण्याला निघालेली. जाता जाता म्हणाली, "एवढी बाजरी चाळून ठेवा."

धुळाने गाठ चाचपली. बाजरी चाळली. खाली पडलं ते ठेवलं. वर राहिलं ते टाकून आला. गजरा परत आली तेव्हा सुपात ओंजळभर धूळ होती आणि शेजारी धुळा प्रसन्न बसला होता.

"बाजरी कुटाय?"

"टाकली."

"कुटं टाकली?"

"रोपवाटिकेत. टाकायचं ते समदं तितंच टाकायचं असतंय."

गजरा धावत गेली. वाफ्यांमध्ये बाजरी ओल्या मातीत अशी विखुरली होती की वेचायला चिमण्याच हव्या होत्या. त्या आल्याही होत्या. गजरा परत येऊन मटकन बसली.

"आवं, वर ऱ्हाईल ते आपलं! खाली पडंल ते टाकायचं!"

"असं व्हय," धुळा म्हणाला आणि दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी त्याने माळावर बसून माती चाळली. वर राहिलं ते घेतलं. खाली पडली ती माती रोपवाटिकेत टाकली. मातीसाहेबांनी मोठ्या आशेने पिशवी उघडली. आत निवडक गोटे होते. एकसारखे, गुळगुळीत, पोटाला पांढरी साय असलेले. खरं तर अख्ख्या माळाचा एवढा प्रामाणिक नमुना आजवर कुणी काढला नव्हता.

"मी काय सांगितलं होतं?" साहेब ओरडले.

"तुमी सांगितलं ते आदी. बायकुनं सांगितलं ते मागनं."

साहेबांनी डोकं धरलं. त्यांचंही लग्न झालेलं होतं, म्हणून ते त्या विषयावर जास्त बोलले नाहीत. त्यांनी धुळाला समोर बसवून शिकवलं. "हे बघ. माती चाळ. चाळलेल्या मातीचा ढीग कर. त्या ढिगाचे चार भाग कर. समोरासमोरचे दोन भाग टाकून दे. उरलेले दोन मिसळ. पुन्हा चार भाग, पुन्हा समोरासमोरचे दोन टाक. अर्धा किलो उरेपर्यंत करत राहा. उरेल तो नमुना. सगळ्या माळाची पारख त्या अर्ध्या किलोवर होते."

"समद्या माळाची?"

"सगळ्या माळाची. शास्त्र आहे ते."

धुळाने तिसरी गाठ मारली. ही गाठ मोठी झाली.

या वेळी त्याने काही म्हणता काही चुकवलं नाही. पिठासारखी मऊ, तांबूस, अर्धा किलो माती कागदात बांधून आणली. मातीसाहेबांनी ती चिमटीत घेऊन पाहिली आणि त्यांना भरून आलं. पुडी तालुक्याला गेली.

त्याच आठवड्यात गजराने माळावरच्या मेंढक्यांसाठी धुळाकडे आठ भाकरी बांधून दिल्या. माणसं दुपारी जेवायला बसली आणि फडक्यात दोनच भाकरी निघाल्या.

"बाकीच्या?" संध्याकाळी गजराने विचारलं.

"चार भाग केले. समोरासमोरचे टाकले. चार ऱ्हायल्या. पुन्यांदा केलं. दोन ऱ्हायल्या. तागडीत घातल्या, बरूबर अर्धा किलो. मग थांबलो."

"रोपवाटिकेत टाकल्या?"

"तुला कसं कळलं?" धुळाला बायकोच्या हुशारीचं मनापासून कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. सरपंच गुलाबतात्यांनी तो पारावर वाचून दाखवला. 'कुसळेवाडीचा माळ: उत्तम गाळाची, भुसभुशीत जमीन. दगडगोटे आढळले नाहीत.'

सगळ्यांनी गुलाबतात्यांच्या बुडाखाली पाहिलं. ज्या दगडावर बसून गुलाबतात्या वाचत होते तो त्याच माळातला होता.

"आवो, गोटे सायबांनीच येचून टाकाय लावले," गजरा म्हणाली, "आन आता म्हंत्यात गोटे न्हाईत?"

"वैनी, त्याला तपासणी म्हणतात," गुलाबतात्या म्हणाले.

त्या दिवशी गजराला जेवण गेलं नाही. चूल विझत आली तरी ती तशीच बसून राहिली. धुळा शेजारी बसला. तिला वाईट वाटतंय एवढं त्याला कळलं. का, ते कळलं नाही. तरी तोही जेवला नाही, आणि त्याबद्दल गजराला त्याची मायाच आली.

गुलाबतात्यांनी तालुक्याला खेटे घातले. अखेर मोठ्या साहेबांचं पत्र आलं. 'दोनशेहून जास्त मेंढरे रोज चरत असतील तर माळ चराईला सोडू. मेंढरे समक्ष दाखवावीत.' गावाच्या जिवात जीव आला. दोनशे चाळीस होती. दाखवायची तेवढी बाकी होती.

ठरलेल्या दिवशी सकाळीच सगळी मेंढरं माळावर गोळा केली. मेंढरं ऐकायची ती धुळाचंच, म्हणून राखायला तो एकटा थांबला. बाकी गाव हलगी आणि हार घेऊन मोठ्या साहेबांना आणायला फाट्यावर निघालं. जाताना गजराने पुन्हा बजावलं, "मेंढरं हितंच ऱ्हाऊ द्या. आन सायेब सांगतील तसंच करा." एका दमात दोन गोष्टी सांगितल्या ही तिची चूक झाली.

कारण थोड्या वेळाने मातीसाहेब जीपमधून आले आणि आरशात बघून भांग पाडू लागले. धुळाने विचारलं, "सायेब, मोठ्या सायबास्नी मेंढरं कशी दावू?"

मातीसाहेब आधीच त्रासले होते. "मला काय विचारतोस? मातीचा नमुना केलास तसा कर मेंढरांचा!" एवढं बोलून ते जीप घेऊन फाट्याकडे गेले.

धुळाने तिसरी, मोठी गाठ चाचपली.

दोनशे चाळीस मेंढरांचे त्याने चार भाग केले. साठ, साठ, साठ, साठ. समोरासमोरचे दोन हाकलले आणि रोपवाटिकेचं फाटक उघडून आत टाकले. उरलेली मिसळली. पुन्हा चार भाग, पुन्हा दोन आत. पुढे पुढे भाग समान पडेनात, तेव्हा नजरेने पाडले. शेवटी तीन उरली. तिघांचे चार भाग करणं त्याच्याने होईना. पण त्यातली दोन समोरासमोर उभी होती, ती त्याने टाकली. उरलं एक कोकरू. तागडीत बसवलं तर तागडी जमिनीला टेकली. अर्धा किलो व्हायला अजून बराच अवकाश होता. धुळा कोयता शोधायला लागला.

तेवढ्यात हलगी वाजत आली. पुढे मोठे साहेब, गळ्यात हार. मागे मातीसाहेब, त्यांच्या मागे गाव. गजराने रिकाम्या माळावर नजर टाकली. धावत जाऊन तिने आधी कोकरू उचललं.

"मेंढरं कुठं आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"ह्यो नमुना हाय सायेब," धुळा हात जोडून म्हणाला. "जरा मोठा झालाय."

मातीसाहेबांना हसू आवरेना. मोठ्या साहेबांनी पेन काढून लिहिलं, 'माळावर समक्ष पाहिलेली मेंढरे: एक.' गुलाबतात्या काही बोलायला गेले, पण साहेबांनी हात वर केला. समक्ष म्हणजे समक्ष. गजराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चाळीस मेंढरं, माळ, सगळं एका ओळीत संपलं होतं.

"मग उद्यापासून लागवड करा," मोठे साहेब म्हणाले. "चला, रोपं दाखवा."

मातीसाहेब अदबीने पुढे झाले आणि त्यांनी फाटक उघडलं.

आत दोनशे एकोणचाळीस मेंढरं होती. त्यांनी आधी धुळाची उगवलेली बाजरी संपवली होती, मग बोरीची रोपं, मग शेवरी, मग चिंचा. चाळीस हजार काळ्या पिशव्या आडव्या पडल्या होत्या. रोपवाटिकेत हिरवं म्हणून काही उरलं असेल तर ते मोठ्या साहेबांचं पेन. मधोमध एक म्हातारी मेंढी रवंथ करत, हे कोण आले म्हणून बघत होती.

"ही मेंढरं इथं कुणी आणली?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"म्या टाकली," धुळा म्हणाला. "टाकायचं ते समदं रोपवाटिकेत टाकायचं. ह्या सायबांनीच सांगितलंया."

मोठ्या साहेबांनी मातीसाहेबांकडे पाहिलं. मग ते मेंढरं मोजू लागले. माणूस नियमाचा होता, समक्ष दिसलेलं त्याला नाकारता येईना. आणि लावायला एक रोपही नव्हतं. त्यांनी 'एक' वर काट मारली, 'दोनशे चाळीस' लिहिलं, खाली 'माळ चराईला राखीव' असं लिहून सही केली आणि कागद गुलाबतात्यांच्या हातात दिला. हलगी पुन्हा कडाडली. धुळाने हाळी दिली तशी मेंढरं फाटकातून बाहेर पडून माळावर पसरली. गजराला हसू येत होतं आणि डोळे पुसायचीही सवड नव्हती.

सगळं नीट पार पडलं होतं. धुळाने आता घरी जायला हवं होतं.

पण फाटकात मोठे साहेब मातीसाहेबांना फैलावर घेत होते आणि मातीसाहेब उलट उत्तरं देत होते. नाकाला नाक लावून दोघांची जुंपली होती. भोवती अख्ख्या गावाचा ढीग जमला होता. धुळाने त्या ढिगाकडे पाहिलं. मग मधल्या दोघांकडे पाहिलं. पटक्याची मोठी गाठ चाचपली.

दोघांच्या बखोटीला धरून त्याने त्यांना लेंड्यांनी भरलेल्या रोपवाटिकेत ढकललं आणि फाटक ओढून घेतलं.

हलगी थांबली. आतून आरडाओरडा सुरू झाला.

"आवं, ह्ये काय केलंत?" गजरा किंचाळली.

"समोरासमोरचे दोन," धुळा म्हणाला, "टाकले."

  गजराच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, नवऱ्याची चूक काढायला तिला पहिल्यांदाच काही सापडेना. कोकरू काखेत मारून ती पुढे झाली आणि फाटकाची कडी नीट बसली आहे का, ते तिने एकदा ओढून पाहिलं.