पाटलेची गुंज

फार पूर्वी वेत्रवतीच्या काठी सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. त्यांचे नाव भद्रिक. नदीच्या पूर्वेचा प्रांत त्यांच्याकडे होता, पश्चिमेचा रोहक या दुसऱ्या अमात्याकडे. दोघे एकाच गुरूंकडे शिकले होते. गुरू भद्रिकाचे कौतुक करीत, आणि ते ऐकून रोहकाच्या तोंडातला घास कडू होई. गुरू गेले, केस पिकले, तरी ती चव गेली नाही.

त्या राज्यात सुगीनंतर माणसांची मोजणी होई. प्रत्येक गावात एक मडके घरोघर फिरे. धडधाकट माणसामागे जोंधळ्याचा दाणा, आजाऱ्यामागे तांबडी गुंज आणि वर्षभरात गेलेल्यामागे काळा उडीद टाकायचा. मग मडक्याचे तोंड मातीने लिंपून ते प्रांताधिकाऱ्यामार्फत राजधानीला जाई. कोठे वैद्य पाठवायचे, कोठे धान्य, हे त्यावरून ठरे.

एके वर्षी राजाने जाहीर केले, "ज्याच्या प्रांतात उडीद सर्वांत कमी, त्याला मानाचे श्वेतछत्र."

नेमकी त्याच वर्षी तापाची साथ आली. रोहकाने गावोगावची मडकी आपल्या वाड्यात उतरवून घेतली, त्यांची माती फोडली आणि तो उडीद वेचू लागला. मग गुंजाही वेचू लागला. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, त्यात आपल्या पाटलेची गुंज आहे. मी स्वतः टाकली आहे. पोर तापाने फणफणली आहे."

"एका गुंजेने काय बिघडतं?"

"वैद्य येणार नाहीत."

"वैद्य आले की सगळीकडे बोभाटा होईल, रोहकाच्या प्रांतात साथ आहे. त्या भद्रिकाला तेवढंच हवंय!"

त्याने मडक्यांची तोंडे पुन्हा लिंपून ती राजधानीला धाडली. राजसभेत मडकी उघडली. पूर्वेच्या मडक्यांत उडीदच उडीद होते. पश्चिमेच्या मडक्यांत नुसता पांढरा जोंधळा होता. राजाने रोहकावर छत्र धरवले. रोहक भद्रिकाजवळ येऊन म्हणाला, "काय रे, गुरूंचा लाडका ना तू? तुझ्याकडे तर यमाने बिऱ्हाडच थाटलं!"

भद्रिकाचा लेखनिक धनिय त्यांच्या कानाशी लागला. "आर्य, नदीपलीकडे वर्षभरात एखादी म्हातारीसुद्धा गेली नाही म्हणे! आत्ताच बोला. छत्र आपलंच आहे."

बोधिसत्त्वांनाही ते दिसले होते. पण त्यांनी आधी स्वतःच्या मनात डोकावून पाहिले: हे मला दिसले ते खोटे आहे म्हणून, की छत्र दुसऱ्याचे झाले म्हणून? मग त्यांना वाटले, आरोप केला तर चौकशी लागेल, साक्षी होतील, आणि तोवर आजारी माणसे वाट पाहत राहतील.

ते राजाला म्हणाले, "महाराज, सगळे वैद्य माझ्या प्रांताला मिळाले आहेत. त्यातले निम्मे नदीपार पाठवा."

"तिकडे तर कोणी आजारी नाही."

"जिथे वर्षभरात कोणीच मेलं नाही, तिथली मोजणी मला समजत नाही. म्हणून तिथे वैद्य जावेत."

"मला याची भीक नको!" रोहक ओरडला. पण राजाने संमती दिली.

वैद्यांबरोबर बोधिसत्त्व स्वतः गेले. पश्चिमेची कित्येक घरे वाचली. पाटला मात्र वैद्य पोहोचण्याच्या आदल्या दिवशी गेली होती. रोहकाच्या अंगणात छत्र भिंतीला टेकून ठेवले होते. बोधिसत्त्व रोहकाच्या शेजारी जमिनीवर बसले.

बऱ्याच वेळाने रोहक म्हणाला, "तिची गुंज मीच काढली."

संध्याकाळ झाली तरी बोधिसत्त्व उठले नाहीत.

रोहकाने राजापुढे सारे कबूल केले. राजा संतापला. त्याने छत्र भद्रिकांकडे वळवले, तेव्हा बोधिसत्त्व म्हणाले, "मला ते नको, आणि ते कोणालाच देऊ नये. याला शिक्षा झाली आहे. चूक आपल्या रीतीतही आहे. आकडा चांगला आला की ज्याचा मान वाढतो, त्याच्या हाती मडकं देऊ नये. मोजणारे वेगळे असू द्या. आकडा वाईट आला तरी त्यांच्यावर कोणी रागावू नये. तुम्हीसुद्धा."

राजाने ते मानले. पुढच्या सुगीला रोहकाच्या दारी परप्रांतातला गणक मडके घेऊन आला. बायकोने जोंधळ्याचे दाणे टाकले. रोहकाने उडदाचा एक दाणा बराच वेळ मुठीत धरला आणि मग टाकला.

ही कथा जेतवन विहारात सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा राजा आज आनंद आहे. सोबत्याचे भरलेले पात्र पाहून आज ज्याला जेवण गेले नाही, तो मागे बसलेला भिक्षू म्हणजे रोहक. आणि भद्रिक मीच होतो."

एका उपासिकेने हात जोडले. तिचे कपाळ रिकामे होते. "भन्ते, आणि पाटला?"

शास्ते म्हणाले, "ती कुठे आहे, ते आज सांगत नाही. पण ती मोजणीतून सुटली नाही."

मागचा भिक्षू उठला आणि सोबत्याशेजारी जाऊन बसला. दुसऱ्याचे भले पाहून आपला घास कडू होऊ न देणे, ही मुदिता. ती शिकवण्यासाठी ही कथा सांगितली गेली.