गव्यासाठी काडतूस

इनामदार आप्पासाहेबांनी नवं पिस्तूल आणलं आन् गव्याच्या रानात जायचं ठरवलं. रानात वाटाड्यानं पुढं चालायचं, पिस्तूलवाल्यानं मागं, ही तिथली रीत. वाटाड्या होता केरबा. आप्पासाहेबांचा नेम असा, की आदल्या दिवशी नारळ ऱ्हायला झाडावर आन् गड्याचं मुंडासं उडालं.

आप्पासाहेबांनी दोन काडतुसं पुढं धरली. "बोल केरबा, बारकं घेऊ का मोठं?"

केरबानं दोन्ही तळहातावर तोलली. "मोठं घ्या, सरकार. बारकं माझ्या पाठीतच अडकंल. मोठं आरपार जाऊन गव्यापातुर तरी पोचंल."

आप्पासाहेब तडकले. "भित्र्या! उद्या मी पुढं चालतो, तू मागं!"

"चालंल की. मग पिस्तूल माझ्यापाशी द्या," केरबा म्हणाला. "नेम माझाबी तुमच्यागतच हाय."

पिस्तूल अजून खुंटीलाच हाय.