धुराचा एक फायदा

थोरला व्हायला अक्कल लागत नाही, नुसतं आधी जन्मावं लागतं. नाना तसे थोरले. त्यांनी कुणाला न विचारता धुरावर कोंबड्या शिजवायचा विजेचा स्मोकर आणला आणि धाकट्या भावाचं, दिगंबरचं, कोळशाचं पिंप भंगारात काढलं. दिगंबर जाऊन वर्ष झालं होतं. त्याच पिंपात धुरावर कोंबड्या शिजवून तो अख्ख्या वाडीला जेवू घालायचा.

त्याची मुलगी शलाका पिंपासमोर वाट अडवून उभी राहिली. "हे जाणार नाही."

"अगं, स्मोकरचं बटण दाबलं की काम झालं. कोळशाने नुसते डोळे चुरचुरतात." नाना जेवायला जमलेल्या पाहुण्यांकडे बघून हसले. "धुराचा एक फायदा सांग. पटला तर पिंप ठेवतो."

"धुरात रडलं तर कुणी कारण विचारत नाही. बाबा गेले तेव्हा तुमच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, नाना. म्हटलं, सोय असू दे."

पाहुण्यांचं हसू जागीच विरलं. नानांनी पिंपात कोळसा भरला, पेटवला आणि समोर बसून राहिले.

शलाका जिंकली होती. थोड्या वेळाने तिने पाहिलं, तर निखारे लालबुंद फुलले होते, धुराचं नाव नव्हतं, आणि नाना सगळ्यांदेखत डोळे पुसत होते. जीभ आवरली असती तर बरं झालं असतं, पण आता काय! तिने नारळ सोलून उरलेली ओली सोडणं उचलून निखाऱ्यांवर टाकली. भसकन लोट उठला.

"केवढा धूर केलास गं," नाना म्हणाले.